सुरीचं अंतर

अब्बा, तुमची आठवण येते म्हणून हे लिहीत नाही. भांडण अर्धवट राहिलंय म्हणून लिहितोय. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की कबरस्तानात तुमची जागा आता मला कुणाला तरी विचारूनच शोधावी लागेल, पण भांडण जसंच्या तसं आहे. परवा ताजिकिस्तानच्या डोंगरातून परत आलो. पायांना फोड आलेत आणि उजवा गुडघा सुजलाय. आज शुक्रवार, जुम्म्याची नमाज पढून आलो आणि कुवेतमधल्या रुमैथियाच्या या घराच्या मागच्या खोलीत बसलोय, जिथं पूर्वी तुम्ही राहायचात. गुडघ्याला मलम चोळत होतो आणि एकदम माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. तुम्ही अगदी असेच चोळत बसायचात, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. मला तुमचा असा काही राग आला की मलम तसंच टाकलं आणि कागद ओढला.

या घरात तुम्ही होतात तरी कोण? कागदोपत्री ड्रायव्हर. खरं काम निराळंच. थोरले मालक सुदानकडे शिकारीला निघाले की तुम्ही सोबत जायचात, आणि त्यांची गोळी हरणाला लागली की सुरी घेऊन धावत सुटायचात. जनावराचा जीव जायच्या आत पोचायचं, बिस्मिल्ला म्हणून गळ्यावरून सुरी फिरवायची, तरच ते हलाल. त्याआधी मेलं तर टाकून द्यायचं. गोळी झाडताना बिस्मिल्ला म्हटलं की पुरे असं सांगणारे मौलवी इथं तेव्हाही होते, पण ते तुमच्या गळी उतरलं नाही. श्रीवर्धनकडच्या आपल्या घरांत जे शिकवलं होतं तेच तुम्ही समुद्र ओलांडून इथवर आणलंत, आणि गंमत म्हणजे थोरल्या मालकांनीही ते मानलं. ते लांबून बार काढायचेच नाहीत. तुमचे पाय वेळेत गाठू शकतील तेवढाच पल्ला. तुम्ही त्याला सुरीचं अंतर म्हणायचात. सुट्टीवर घरी आलात की ओट्यावर बसून शेजाऱ्यांना हे सांगायचात आणि छाती फुगवायचात, आणि मी आत चुलीपाशी अम्मीजवळ बसून ऐकायचो. अम्मी भाकरी थापत राहायची. तुम्हांला तेव्हाच गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नव्हतं. तुमच्यासाठी शेजारच्या घरातून खुर्ची मागून आणावी लागायची, ती मीच आणायचो आणि मला त्याची लाज वाटायची.

आणि त्या माणसाला तुम्ही 'बाबा' म्हणायचात. इथं घरातली नोकरमाणसं मालकाला बाबाच म्हणतात, त्यात वेगळं काही नाही, हे आता मला कळतं. पण मी शाळेत होतो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीत कुवेतहून फोन आला की तुम्ही उठून उभे राहायचात आणि "जी बाबा, आया बाबा," म्हणायचात. माझ्या बापालाही कुणी बाप आहे आणि त्यानं हाक मारली की हा धावतो, एवढंच मला दिसायचं. एकदा ईदच्या आधी असाच फोन आला आणि तुम्ही सुट्टी अर्धी टाकून निघालात. त्या ईदला अम्मीनं शिरखुर्मा केला आणि कुणीच नीट खाल्ला नाही. त्याच वर्षी मी ठरवलं, काहीही करीन पण कुणाच्या मागे धावणार नाही.

म्हणून तर मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. आणि तुम्ही काय केलंत? याच घराचा व्हिसा काढून मला याच खोलीत आणलंत. वर उपकार केल्यासारखं तोंड. तरी मी माझी वाट काढली. थोरल्या मालकांचा मुलगा माझ्याच वयाचा, त्याला नव्या वस्तूंचं वेड. बंदुकीवर बसवायचा बॅटरीवाला स्कोप त्यानं पहिल्यांदा मागवला तेव्हा तो जोडायला मीच होतो. दिवाणियाच्या बैठकीत सगळे पुरुष गाद्यांवर बसलेले, मी मधोमध गुडघे टेकून स्क्रू पिळतोय, प्रत्येक जण वाकून काचेतून बघतोय आणि वाहवा करतोय. या घरात माझ्या कामाकडे कुणी पहिल्यांदाच बघत होतं. तेवढ्यात तुम्ही कॉफीचा थाळा घेऊन आत आलात. तुम्हांला आपल्या बोलीत बोलता आलं असतं. पण तुम्ही मुद्दाम हिंदीत बोललात, सगळ्यांना कळावं म्हणून. "इसको जानवर के पास जाने का डर है, इसलिए दूर से मारने का मशीन लगाता है." सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? कान मात्र तापले होते, ते अजून थंड झालेले नाहीत.

नंतर मी तुम्हांला स्वयंपाकघरात गाठलं. तुम्ही कपबश्या धूत होतात. मी म्हटलं, तुम्ही मालकाच्या हुकमानं शिकारी कुत्र्यासारखे धावता आणि वर मला भित्रा म्हणता. मला वाटलं हात उगाराल. तुम्ही नळ बंद केलात आणि म्हणालात, "मना कोन सांगत नाय धावायला. ते जनावर थंय पडून वाट बघतंय, म्हनून जातों." मी हसलो. मालकानं पाळलेला माणूस असंच बोलणार, असं मला वाटलं, आणि मी ते तोंडावर बोललो. तुम्ही परत नळ सोडलात. दुसऱ्या दिवशी माझ्या उशीवर तुमची सुरी होती, वीतभर पात्याची, शिंगाच्या मुठीची, धार लावलेली. मी ती हत्यारांच्या खणात टाकली, पान्यापक्कडींखाली, आणि तुम्ही ते पाहिलंत. पुढे तुमचे पाय गेले, सहली बंद झाल्या, आणि मरेपर्यंत तुम्ही अंगणात मालकांच्या गाड्या धूत राहिलात. ज्यांच्यासाठी धावलात त्यांनी तुम्हांला पाण्याची नळी दिली. हेही मला माफ करता येत नाही, आणि कुणाला करायचं नाही तेच कळत नाही.

आता थोरले मालकही नाहीत. धाकट्याचं, म्हणजे आताच्या मालकाचं, पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीय, आणि त्याला थंड मुलखातल्या शिकारीचा नाद लागलाय. परवाना काढायचा, विमानानं जायचं आणि पलीकडच्या डोंगरावरचा रानबोकड अलीकडच्या डोंगरावरून टिपायचा. हे सगळं माझ्या जिवावर. आताचा स्कोप म्हणजे नुसती काच नव्हे, आत छोटा पडदा आहे. त्यात अंतर दिसतं, उतार दिसतो, हवेचा गारवा धरून गोळी किती खाली जाईल ते यंत्र स्वतः मोजतं आणि नेम कुठं धरायचा तो ठिपका दाखवतं. मालकाला फक्त श्वास रोखून बोट दाबायचं असतं. मी तो दरवर्षी रेंजवर नेऊन तपासतो, जानेवारीत मालकाच्या वफ्राच्या शेतावर पहाटे दहिवर पडतं तेव्हा बाहेर ठेवून बघतो. आजवर त्यानं दगा दिला नव्हता. एका गोळीत जनावर पडायचं, सावकाश चालत जायचं, कुणी धावायचं नाही. मला त्याचा अभिमान होता आणि तुम्ही ते बघायला नाही याचं वाईट वाटायचं. वाईट म्हणजे काय, तुम्हांला खिजवायचं होतं.

या खेपेला माझं चुकलं. हसायचं तर हसून घ्या. तंबूत लोखंडी शेगडी लाल झाली होती. कुवेतात बॅटरी मरते ती उष्णतेनं. उन्हात गाडीत राहिलेला फोन फुगतो, गेटचा कॅमेरा ऑगस्टमध्ये झोपतो. इतकी वर्षं इथं काढून माझ्या हातांना एकच सवय लागलीय, बॅटरीची वस्तू दिसली की ती तापलेल्या जागेपासून लांब न्यायची. मी विचारसुद्धा केला नाही. बंदूक स्कोपसकट तिच्या पेटीत घातली आणि पेटी बाहेर जीपमध्ये ठेवून आलो. त्या डोंगरावर, जिथं बादलीतलं पाणी दगड होतं. सकाळी पडदा उजळला, बॅटरी अर्धी दाखवत होती, मला वाटलं चालेल. पेटी खांद्याला अडकवून वाटाड्यामागे चढून वर गेलो, पालथे पडलो, समोरच्या उतारावर मागे वळलेल्या शिंगांचा थोराड बोकड उभा. मालकानं काचेला डोळा लावला. पडदा गारठून जड झाला होता. बोकड पुढे सरकला आणि पडद्यावर मात्र मागेच राहिला. हे मला नंतर कळलं. मालकानं बिस्मिल्ला म्हणून त्या मागे राहिलेल्या चित्रावर गोळी झाडली आणि ती जनावराच्या मागच्या भागात बसली. मग पडदा काळा झाला.

"शिनू? बॅटरी माकू?" मालक ओरडला, काय झालं, बॅटरी नाही का म्हणून. म्हटलं, थंडीनं गेली. "दुसरी?" म्हटलं, तीही गारठली. त्या बंदुकीवर दुसरा नेमच नाही, स्कोप गेला की ती नुसती नळी. वाटाड्याची बंदूक खाली घोड्यांपाशी राहिली होती. त्यानं खांदे उडवले. मालक उठून बसला, थर्मास काढला आणि म्हणाला, "खलास. अपने आप मरेगा. मैं बिस्मिल्ला बोला ना? चाय पियो, बाद में जाएगा." मी दुर्बिणीतून बघितलं. मागचं धड लुळं पडलेलं, आणि तो पुढच्या दोन पायांवर उभा राहायला बघत होता. उठायचा, पडायचा, मान फिरवून आमच्या बाजूला बघायचा. इतक्या लांबून त्याला आम्ही दिसत नसणार. मला तो दिसत होता.

मग मी पेटीत हात घातला आणि धावलो. अब्बा, मला कुणी सांगितलं नव्हतं. मालक पाठीमागून "वेन? वेन?" करत राहिला, कुठं चाललास म्हणून. खालच्या ओढ्यापर्यंत घसरत गेलो, बर्फ फोडून पलीकडे गेलो, मग चढण. छातीत हवा मावेना. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि मी तुम्हांला मोठ्यानं शिव्या घातल्या. खरोखरच्या, बापाला घालू नयेत अशा. तुम्ही हे किती वेळा केलंत, आणि वाळूत केलंत, आणि परत येऊन त्या लोकांना कॉफी वाढलीत. शिव्या घालतच वर पोचलो. तो जिवंत होता. तुम्ही सदऱ्याच्या आत पाण्याची बाटली ठेवायचात, सुरी फिरवायच्या आधी जनावराच्या तोंडाला लावायला. माझ्याकडे पाणी नव्हतं. मी ओंजळीत बर्फ घेऊन त्याच्या तोंडाशी धरला. तो प्यायला नाही, श्वास तेवढा हाताला लागला, गरम. त्याचे डोळे उघडेच होते. मी त्याचं तोंड किबल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. नंतर तिथंच बसून रडलो, आणि त्यातलं किती त्याच्यासाठी होतं ते सांगता येणार नाही.

मालक बऱ्याच वेळानं वाटाड्याच्या खांद्यावर हात टाकून धापा टाकत आला. जनावर बघितलं, मला बघितलं, आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "माशाल्ला! तुम सेम सेम फादर!" मला त्याला दरीत ढकलून द्यावंसं वाटलं. परत आल्यापासून दिवाणियात तो ही गोष्ट येईल त्याला सांगतो आणि मी कॉफी घेऊन आत गेलो की बोट दाखवतो. पुढच्या मोसमात मी येणार नाही असं त्याला सांगितलंय. तो हसला. तुम्हीही हसला असतात.

तर भांडण मिटलेलं नाही. तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही. तुमच्यापासूनही हरणं निसटली असतील, वाळूत कुठंतरी तडफडून मेली असतील, ते तुम्ही ओट्यावर कधी सांगितलं नाहीत. तुम्ही आमच्यापेक्षा त्या जनावरांकडे जास्त वेळा धावत गेलात, आणि हे मी मरेपर्यंत बोलून दाखवणार. हा कागद कुठे टाकायचा नाही, घडी घालून हत्यारांच्या खणात ठेवीन, पान्यापक्कडींखाली. तिथं जागा आहे. तुमची सुरी त्या खणात कधीपासून नाही. मालकाशी मी खोटं बोललो, दुसरी बॅटरी गारठली नव्हती. ती इथं रुमैथियात, या खोलीत, चार्जरवर होती. बंदुकीच्या पेटीत तिच्यासाठी जागा आहे, पण तिथला फोम कापून मी तुमच्या सुरीच्या मापाची खाच केलीय. पहिल्या सहलीपासून ती तिथंच असते.