तिसऱ्या खोलीतला काटा

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (तूर्त कागदावरच, कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल). तुझी तब्येत कशी आहे? चौथा महिना लागला ना? उलट्या थांबल्या का? भाऊजींना नमस्कार सांग आणि गुट्टूचा गालगुच्चा घे, पण हळू. तुझं पत्र मिळालं. शाळेतून गुट्टूच्या वजनाची चिठ्ठी आली, शाळेचा काटा घरच्यापेक्षा सहा किलो जास्त दाखवतो, तो मी येऊन तपासावा, आणि तोवर खबरदारी म्हणून तू त्याचं ताट अर्धं केलं आहेस. तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून रडला हे वाचून माझा घास घशाखाली उतरेना. (उतरला नंतर, पण उशिरा.) उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण मधे असं काही घडलं की वीस वर्षं काटे दुरुस्त करूनही वजन म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, असं माझ्या लक्षात आलं.

एका प्रसूतिगृहातून बोलावणं आलं. तिथे नुकत्याच बदलून आलेल्या मोठ्या नर्सबाईंना सगळे आतापासूनच फौजदार म्हणतात (माघारी). त्यांची तक्रार अशी की तिसऱ्या खोलीतला बाळांचा काटा बिघडला आहे. बाकीच्या खोल्यांत बाळं बेताची भरतात, आणि इथे उठसूट चार किलो, सव्वाचार किलो. मी प्रमाणित वजनांची पिशवी तीन जिने चढवून नेली (कंबर तिथे गेली). दोन किलोचं वजन ठेवलं, दोन भरलं. चारचं ठेवलं, चार. तरी उघडला, एक केसांची पिन आणि कुणाचं तरी बटण काढलं, आणि रुबाबात सांगितलं की झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, की पुन्हा सव्वाचार. मग मी पहिल्या खोलीतला काटा तिसरीत आणि तिसरीतला पहिलीत ठेवला. तर खोड काट्याबरोबर गेलीच नाही, खोलीतच राहिली! आता माझ्यासारखा शहाणा काय करेल? मी पाणसळ आणली, जमिनीवर पालथा पडलो आणि इमारत एका बाजूला खचली आहे असा निर्णय द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

फौजदार हसल्या, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की त्या खोलीत मुद्दामच अशा आया ठेवतात, ज्यांची गरोदरपणात साखर वाढली किंवा ज्यांचं वजन आधीपासून बरंच होतं. ताई, पुढचं ऐकून मी थक्क झालो, अजून आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, पण ती आवरणारं आईचं इन्सुलिन पलीकडे जात नाही. मग ते बाळच, ज्याला अजून जगाचा वारा लागलेला नाही, स्वतः जास्तीचं इन्सुलिन तयार करून आलेली साखर निस्तरतं, आणि उरलेलं चरबी करून साठवून ठेवतं. आणि शरीराला लागलेलं हे वळण पुढे शाळेच्या वयापर्यंतही टिकू शकतं. पहिला श्वास घ्यायच्या आत एवढा उद्योग! मी मिलिग्रॅममधले काटे हाताळले आहेत, पण इतकं नाजूक यंत्र पाहिलं नाही. बाईंनी दोनदा बजावलं, की असं प्रत्येक मूल जाड होत नाही, आणि प्रत्येक जाड मुलाचं कारणही हे नसतं. खाणं, खेळ, झोप, बापाची अंगकाठी, सगळ्यांचा वाटा असतो. आणि आईचा गुन्हा तर नाहीच. साखर वाढताना आवाज करत नाही, तपासली तरच कळते, आणि वेळेत कळली तर पुष्कळ सावरता येतं.

तेवढ्यात फौजदारांनी सव्वाचार किलोचं एक गाठोडं माझ्या हातात ठेवलं.

“घ्या, हा तुमचा बिघाड.”

त्या बिघाडाने माझं बोट घट्ट धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली? मला आपला गुट्टू आठवला. तोही सव्वाचारच होता ना? तेव्हा आपण सगळे केवढे मिरवलो, काय बाळसं आहे म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. ज्याचं वर्षभर कौतुक केलं त्याच गोष्टीसाठी आज पोराला दाराशी बसवतो आपण. खादाड म्हणून बोल लावू नकोस. त्याचं ताट त्याला परत दे, घरात सगळे तेच खा, आणि भाऊजींना त्याच्यामागे पळायला लाव. डॉक्टरांनाही दाखव, पण त्याला शिक्षा म्हणून नको.

थोरांना नमस्कार, येणाऱ्याला आतापासून आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पहिलं बाळ एवढं मोठं होतं, तेव्हा या खेपेला तू याच आठवड्यात साखर तपासून घे. पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. आणि वजन दवाखान्यातल्या काट्यावरच कर.

ता. क. २. तू म्हणशील, घरचा काटा चौसष्ट दाखवतो, मग कशाला? पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. तो काटा मी तुला लग्नात दिला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तू वजनापायी रडत होतीस, म्हणून मी आत एक जादा स्प्रिंग बसवली. शून्य शून्यावरच राहतं, पण माणूस चढला की सहा किलो कमी. लग्न झालं की काढणार होतो. तू इतकी खूश झालीस की धीर झाला नाही. दहा ग्रॅमसाठी वाण्याशी भांडणारा मी! गुट्टूच्या वेळी दवाखान्यात काट्यावर चढायची लाज वाटते म्हणून तू घरचंच वजन सांगत होतीस, हे परवा त्या स्टुलावर बसल्यावर आठवलं. शाळेचा काटा बरोबर आहे, ताई.

ता. क. ३. भाऊजी ऑफिसात आपण बारीक झालो म्हणून सांगत फिरतात. त्यांना मी येईपर्यंत काही बोलू नकोस.

ता. क. ४. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. तोवर त्या काट्यावर कुणी चढू नका. माझ्यावर जन्मभर रागव, पण गुट्टूला आज पूर्ण ताट वाढ.