कागदाखालची नावं

अक्का,

टेबलावरचा फोटो १९४३ चा आहे. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर तिथे बायकासुद्धा कारखान्यांत रात्रंदिवस जहाजं बांधत होत्या, त्यातल्या एका कारखान्यातला. बायकांच्या मागे आपल्याकडचे पाच खलाशी उभे आहेत. खालच्या नावांवर मी कागद चिकटवलाय, तो काढू नकोस.

तुझे वडील, म्हणजे माझे आजोबा, बेचाळीसला बोटीबरोबर बुडाले, असं सगळे सांगतात. तू एकटीच म्हणत आलीस, ‘माजो बापूस बुडूक नाय.’ त्यांना पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ओळखलंस तर त्या चेहऱ्यावर बोट ठेव आणि शेजारच्या सारिकाला तिथे पेन्सिलने खूण करायला सांग.

मी कट्ट्याच्या बाजाराला चाललोय. तिथे काम काहीच नाही. पण घरात थांबलो, तर माझ्या तोंडावरूनच तुला सगळं कळेल.

भाई