हौदापासून दारापर्यंत

सातारा, ५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुलेखा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं’ आणि ‘ठीक’ यापुढे जात नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे ह्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि हे गुडघ्यांहून जास्त.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिकडेच राहणारी आपली अनघा तुमच्याकडे फराळाचा डबा द्यायला आली होती. तिनं फोटो पाठवला. लिफ्टपासून तुमच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या, आत पणत्या. सुलेखा, माझ्या नातवाला जाऊन पाच महिने झाले. पाच वर्षांचं पोर. वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत, हे सासूनं सांगावं लागतं? मी इथे रांगोळीचं बोट ओढलं नाही, आकाशकंदील माळ्यावरून काढला नाही, दार लावून बसले. सिंगापूरच्या हवेत दुःख लवकर वाळतं का, असं मनात आलं. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

विक्रांतला आशीर्वाद. रागावलीस तरी चार ओळी धाड.

तुझी,
सौ. आई


चोआ चू कांग, सिंगापूर, १८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

अनघानं बघितलं ते खरं, पण ती दिवाळी नव्हती.

माझ्या तांजोंग पगारच्या ऑफिसात रोसिओ नावाची मेक्सिकोची बाई आहे. जूननंतर मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसायची. बाकीचे बघून वळायचे. ती डबा घेऊन शेजारी बसली आणि मुलाला काय आवडायचं, एवढंच विचारलं. त्यांच्याकडे एक नोव्हेंबरला गेलेली लहान मुलं घरी येतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं. वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या दारापर्यंत टाकतात. वासावर येतात म्हणे. फोटो, खाऊ, मीठ, दिवे मांडतात. स्पॅनिश लोक येण्याआधीपासूनचं, तिथल्या जुन्या अझ्टेक लोकांपासूनचं आहे हे. गेलेल्या मुलांसाठी त्यांच्यात एक सबंध महिना वेगळा असायचा. झेंडूही मूळचा तिकडचाच. आपल्या दसऱ्याला तो तिथून आला.

आई, मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध नसतं, असं गुरुजी म्हणाले. पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढली, क्षितिजचं नाही. त्याला घरी यायला वर्षात एकही दिवस नाही, हे मला सोसेना. टेक्का मार्केटमधून दोन किलो झेंडू आणला. विक्रांतनी पिशवी माझ्या हातातून घेतली. मग खाली बसून पाकळ्या तोडायला लागले.

लांबून आलेल्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेलाही ठेवतात. पाणी माझ्याच्यानं ठेववलं नाही. दूध ठेवलं.

आणखी एक. बुडून गेलेल्यांना अझ्टेक जाळत नसत, पुरत. त्यांना पावसाचा देव निवडून आपल्या हिरव्या बागेत नेतो, असं मानत. हे तुम्हाला लिहावं की नाही, चार दिवस ठरत नव्हतं.

बाबांच्या गुडघ्यांना तेल चोळा. लोभ वाढवा म्हणायचा धीर नाही. आहे तेवढा राहू दे.

सुलेखा


सातारा, ३ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुलेखा,
अ. आ.

पत्र चारदा वाचलं. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत राहिले.

पावसाच्या देवानं नेलं हे तू मला सोडवायला लिहिलंस, कळलं मला. पण देवानं नेलं नाही. मी झोपले. दुपारी त्याला कुशीत घेऊन आडवी झाले, गोष्ट अर्धी सांगितली आणि डोळा लागला. उठले तर त्याच्या चपला हौदाच्या कठड्यापाशी नीट जोडून ठेवलेल्या. तूच शिकवलं होतंस ना, चपला जोडून ठेवायला. हे आजवर तुला सांगितलं नव्हतं.

हे तेव्हाच हौद बुजवायला निघाले होते, मीच अडवलं. रोज कठड्यापाशी उभी राहायचे. तेवढी शिक्षा तरी असावी म्हणून.

तुझं पत्र आल्यापासून एकच डोक्यात आहे. तो इथून गेला. त्या दिवशी आला असेल, तर आधी इथेच आला असेल. आणि मी दार लावून बसले होते.

परवा हौदात माती भरून घेतली. पावसाळ्यात त्यात झेंडू लावीन, हौदापासून दारापर्यंत वाट होईल एवढा. पण ती मी घालावी का, ते तू सांग. नको म्हणालीस तर फुलं झाडावरच राहतील.

उत्तराची घाई नाही.

आई


सिंगापूर, १४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईंना,
सा. न.

दहा महिने उत्तर दिलं नाही. लिहायला बसायची आणि चपलांपाशी थांबायची.

झेंडू फुलल्याचं विक्रांतकडून कळलं. वाट तुम्हीच घाला. दूध कोमट ठेवा आणि साय काढून. साय त्याला चालत नाही. मुलं दुपारची येतात, असं रोसिओ म्हणते.

तेवढी दुपार जाग्या राहा.

तुमची,
सुलेखा