सगळा दोष तारेचा

४ मार्च, सकाळ

आजपासून घर वायरलेस. कॉम्प्युटरवाला तासभर खपून गेला. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत टेबलावर, मी मागच्या खोलीत ह्यांच्या खुर्चीत, कीबोर्ड मांडीवर, हेडफोन कानावर. मधे तार नाही. मी जे टाइप करते ते यंत्र माझ्या कानात वाचून दाखवतं. चौथीत असताना डोळे गेले, शाळा सुटली. एकोणपन्नासाव्या वर्षी ह्याच यंत्राकडून मी आपली आपण वाचायला शिकले. आता घरभर फिरत वाचणार.

निश्चय: रोज लिहायचं. खरं लिहायचं. रडायचं नाही. खरं लिहायला हरकत नाही, कारण वाचणार कोण? आवाज माझ्याच कानात. फाईल बंद करायचीसुद्धा गरज नाही.

४ मार्च, संध्याकाळ

सकाळी मुद्द्याचं राहिलं. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आल्या आहेत. लेकीने पाठवलंय, दोन महिने सोबतीला. सोबतीला म्हणजे पाळतीला. तीस एप्रिलला लेक येणार, आत्याचा रिपोर्ट ऐकणार आणि ठरवणार, की मी इथे एकटी राहायचं का घर बंद करून तिच्याकडे जायचं.

मी इथेच राहणार. ठरलेलं आहे. वन्संना फक्त काही कळू द्यायचं नाही.

तार का काढली तेही लिहून ठेवते. सात महिन्यांपूर्वी, हे गेले त्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास हे ह्या खुर्चीत होते. मी पुढच्या खोलीत हेडफोन लावून पुस्तक ऐकत होते. ह्यांनी हाक मारली असणार. मला ऐकू आली नाही. उठले तेव्हा तार टेबलाच्या पायात अडकली, मी अडखळले, वेळ गेला. सगळा दोष तारेचा. ती नसती तर वेळेत पोहोचले असते.

६ मार्च

वायरलेस उत्तम चाललंय. मान डावीकडे वळवली की यंत्र तोतरं होतं, उठून उभी राहिले की मुकं होतं. म्हणून मान सरळ ठेवून बसते. पाठीला चांगलं.

वन्सं चहात चमचा ढवळत राहतात आणि शेवटी कपावर तीनदा आपटतात. शाळा सुटल्यासारखी घंटा. मी एक शब्द बोलले नाही.

७ मार्च

आज घंटा नाही. सकाळीही नाही, दुपारीही नाही. काल मी अबोला धरला त्याचा परिणाम. न बोलता माणसं सुधारता येतात, ही गोष्ट हे असताना कळली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च

छोटा अपघात. हेडफोनचं चार्जिंग संपलं आणि आवाज पुढच्या खोलीतल्या स्पीकरवर गेला. नेमकी कालची ओळ: वन्सं इतक्या घोरतात की खिडकीची काच हलते. धावत गेले. वन्सं शांतपणे म्हणाल्या, मी घोरत नाही, जोरात श्वास घेते.

स्पीकरची पिन उपसून टाकली. ह्या वहीला बाहेर फुटायला एकच भोक होतं, तेही बुजवलं. आता मोकळेपणाने लिहिता येईल.

१५ मार्च

किटलीला हात लागला. मनगटाजवळ चांगलंच भाजलं. आधी किटली उजवीकडे असायची, ती ह्यांनी ठेवलेली असायची. वन्संना सांगितलं, काही नाही, डास चावला. म्हणाल्या, मोठा असेल डास.

संध्याकाळी कीबोर्डवर मलमाची ट्यूब सापडली. मीच कधीतरी ठेवली असणार. हल्ली मी वस्तू ठेवते आणि विसरते, पण वेळेला सापडतात, म्हणजे एकटीनं राहायला मी लायक आहे.

२० मार्च

लेकीचा फोन. बाबांच्या चपला दिल्यास का कुणाला? मी म्हटलं, कधीच. त्या माझ्या पलंगाखाली आहेत. सकाळी उठले की पायात घालून चार पावलं चालते. मोठ्या होतात, फटक फटक वाजतात. तो आवाज ऐकायचा आणि काढून ठेवायच्या. बाकी काही नाही.

ह्यांची आणखी एक सवय आठवली. मी लिहायला बसले की मागून यायचे, माझ्या खांद्यावरून हात पुढे करायचे, टिक. दिवा लावायचे. मी दर वेळी म्हणायची, मला दिव्याचा काय उपयोग? हे नुसते हसायचे. सकाळी हे स्वतः त्याच टेबलाशी कॉम्प्युटरवर पेपर वाचायला बसले की पुन्हा टिक. अकरा वर्षं माझ्यासाठी फुकट दिवा जाळला.

२१ मार्च

झाडताना वन्संचा झाडू पलंगाखाली गेला. आता विचारणार, ह्या चपला इथे कशा? विचारलं नाही. झाडू चपलांना वळसा घालून गेला. मला तो वळसा ऐकू आला. नजर कमी झालीय वन्संची. अडुसष्ट म्हणजे काही कमी वय नाही.

२८ मार्च

वन्सं दिवसभर पुढच्या खोलीत बसून असतात. करमत नाही म्हणतात आणि उठतही नाहीत. टीव्ही लावत नाहीत. मधेच एकट्या हसतात. मधेच नाक शिंकरतात. परवा मी लिहिणं थांबवून चहाला उठले तर तिथून म्हणाल्या, का गं, थांबलीस का? पावलांवरून ओळखतात म्हणे.

लेकीशी वन्संबद्दलच बोलावं लागणार. चौतीस वर्षं पोस्टात नोकरी केलेली बाई, अशी भिंतीकडे बघत बसते. वन्संना एकटं राहणं झेपेल का?

४ एप्रिल

वन्सं बाजारात गेल्या होत्या तेव्हा मी बाथरूममध्ये पड

५ एप्रिल

काल कीबोर्डचे सेल संपले, वाक्य अर्ध्यात तुटलं. बरंच झालं. पडले-बिडले काही नाही. बसले. जरा जोरात बसले आणि उठायला वीस मिनिटं लागली.

वन्सं सकाळपासून विचारतायत, पुढे काय झालं? मी म्हटलं, कशाच्या पुढे? तर म्हणाल्या, काही नाही, पाय कसा आहे? म्हणजे मी लंगडते ते दिसलं. उद्यापासून ताठ चालायचं.

बाथरूममध्ये कोरडं पायपुसणं आलंय. नवीन.

१२ एप्रिल

आज एक प्रयोग केला. मी पुढच्या खोलीत त्या जागी बसले, जुना तारेचा हेडफोन काढून लावला, पुस्तक सुरू केलं. वन्संना ह्यांच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, तिथून हाक मारा. म्हणाल्या, कशाला? मी म्हटलं, रेंज बघायचीय. म्हणाल्या, तारेला कसली रेंज? मी म्हटलं, मारा हो.

काय म्हणून मारू?

अगं म्हणा.

मग वन्सं म्हणाल्या, अगं. जोरात नाही. ह्यांच्यासारखंच, शेवटी किंचित वर. एकाच घरचे गळे.

ऐकू आलं. स्वच्छ.

प्रयोग नीट झाला नाही. खिडक्या उघड्या होत्या, रस्त्यावर शांतता होती. पुन्हा करावा लागेल.

१३ एप्रिल, दुपारी चार

पुन्हा करायची गरज नाही.

खरं लिहायचं ठरवलं होतं ते लिहिते. एकदाच लिहिणार, मग ही ओळ पुसणार.

हेडफोन मी कधीच दोन्ही कानांवर लावत नाही. एक कान घरासाठी मोकळा. आमचं तसं ठरलेलंच होतं. त्या दिवशीही एक कान मोकळा होता. ह्यांनी हाक मारली, अगं. मला ऐकू आली. वाटलं, चहा हवा असेल. प्रकरण संपायला नऊ मिनिटं आहेत, असं यंत्राने नुकतंच सांगितलं होतं. मी म्हटलं, आले, एवढं प्रकरण होऊ दे. पुन्हा हाक आली नाही. मला बरं वाटलं, म्हणजे घाई नाही. प्रकरण संपलं. मी हेडफोन काढला, तार नीट गुंडाळून ठेवली, मग गेले.

तार अडकली नव्हती. मी ती गुंडाळली.

डॉक्टर म्हणाले, नऊ मिनिटांनी काही फरक पडला नसता. त्यांना नऊ हा आकडा माहीत नव्हता. मी दोन सांगितली होती. लेकीला सांगितलं, ऐकूच आलं नाही.

लिहून झालं. हलकं वाटेल असं पुस्तकांतून वाचलंय. अजून वाटलेलं नाही. सर्दी झालीय, बाकी काही नाही.

१४ एप्रिल

ओळ पुसायची राहिली. उद्या.

वन्सं काल जेवल्या नाहीत. आज सकाळी न सांगता बाहेर गेल्या, अंधार पडायच्या बेताला आल्या. मी म्हटलं, कुठे होता? म्हणाल्या, चालत होते. पोट बिघडलं असेल. ह्या वयात भेंडी बाधते.

२१ एप्रिल

वन्सं आता पुढच्या खोलीत बसत नाहीत. स्वयंपाकघरात असतात. चमच्याची घंटा परत सुरू झाली, पण तीनदा नाही, एकदाच, आणि जोरात. माझ्याशी कामापुरतं. मीठ घे. दार लाव. तीस तारखेच्या रिपोर्टची तयारी चाललेली दिसते. माझी बाजू भक्कम आहे. दोन महिन्यांत एक गोष्ट कळू दिली नाही.

ओळ पुसायची आहे.

२७ एप्रिल

लेक येणार म्हणून पुढची खोली पुसायला घेतली. टेबल पुसलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरून फडकं फिरवलं. नऊ महिन्यांची धूळ असेल म्हणून फडकं ठेवून तळहात फिरवला.

काच कोमट होती.

बाकी सगळं गार होतं. टेबल, खिडकी, भिंत. मी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग वन्संना हाक मारली. विचारलं, हा पडदा चालू आहे?

म्हणाल्या, हो.

कधीपासून?

कॉम्प्युटरवाल्याने लावून दिलाय तेव्हापासून. तू लिहायला लागलीस की उजळतो.

त्यावर काय दिसतं?

तू लिहितेस ते. त्याला पेपर वाचता यावा म्हणून अक्षरं मोठी केलेली आहेत ना. चष्मासुद्धा लागत नाही.

मी म्हटलं, वाचलंत? तर म्हणाल्या, चौतीस वर्षं पोस्टात काढली, दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही. पण हे पाकिटात नव्हतंच गं. माझ्या डोळ्यांसमोर एकेक अक्षर येत होतं. पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या चमच्याचं आलं.

मी म्हटलं, आणि तेराची तारीख?

वन्संनी फडकं उचलून झटकलं. मग म्हणाल्या, तो माझा धाकटा भाऊ होता. त्यावर मी आज बोलणार नाही. उद्याही नाही. तू विचारू नकोस.

पडद्यावर टॉवेल टाकून हे लिहितेय. कोपऱ्यातून दिसत असेल तर दिसो.

२८ एप्रिल

वन्संनी हात धरून नेलं. बोट धरलं, पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात ठेवलं. म्हणाल्या, हे बटण. दाबलंस की बंद. पुन्हा दाबलंस की चालू. टॉवेल काढ, घर धोब्याचं दिसतंय.

दाबलं. टिक.

तो दिवा नव्हता.

अकरा वर्षं हे माझ्या खांद्यावरून हात पुढे करून पडदा बंद करत होते. मी काय लिहिते ते दिसू नये म्हणून. पाहुण्यांना, लेकीला, स्वतःला. मी म्हणायची, मला ह्याचा काय उपयोग? आणि हे हसायचे.

बंद करायच्या आधी एखादी ओळ वाचत असतील का? वाचली असेल तर बरं. नसेल तरी बरं. नक्की कुठलं बरं ते ठरत नाही.

बटण दहा-बारा वेळा दाबलं. वन्सं म्हणाल्या, मोडशील.

३० एप्रिल

लेक आली. चहा झाला. मी ताठ बसले होते. भाजल्याचा डाग बाहीखाली. लेक म्हणाली, आत्या, खरं सांग, आई एकटी राहू शकते?

वन्सं म्हणाल्या, नाही.

एवढंच. किटली नाही, बाथरूम नाही, चपला नाहीत, तेरा तारीख नाही. नुसतं नाही. माझा दोन महिन्यांचा ताठपणा एका शब्दात गेला. लेक म्हणाली, मग सामान कधी बांधायचं? तर वन्सं म्हणाल्या, बांधायचं कशाला? मी राहतेय इथे.

लेकीने विचारलं, तुमचं पटतं?

वन्सं म्हणाल्या, अजिबात नाही.

लेक गेल्यावर मी म्हटलं, माझ्यावर राग असेल तर कशाला राहता? म्हणाल्या, राग आहे. तो काय तिथे एकटीनं धरून बसू?

२ मे

निश्चय: लिहायला बसण्यापूर्वी बटण दाबायचं. रोज. न चुकता. वन्संना तसं सांगितलंय.

आज दाबायचं राहिलं. विसरले असेन. आता खुर्चीत बसलेय, कोण उठणार? उद्यापासून नक्की.

वन्सं आज पुढच्या खोलीत येऊन बसल्या आहेत. सोफ्याची स्प्रिंग वाजली त्यावरून कळलं. त्या येणार म्हणून मी बटण विसरले असं काही नाही. तेराची ओळ अजून पुसलेली नाही, तीही विसरण्यातलीच. एक कान मोकळा ठेवलाय. हवा खेळती राहावी म्हणून, दुसरं कारण नाही.

वन्संनी हाक मारली. अगं. काही नसणार, चहाच असणार. एवढं वाक्य संपवते आणि