एका पोलीस कारवाईचे माझ्या हातून झालेले चित्रीकरण

आदरणीय विनिफ्रेडताईंस हार्लनचा नमस्कार.

आपला गुडघा आता जिन्याशी सहकार्य करीत असावा, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. लिओना गेल्यापासून मी स्वयंपाकात उकडलेल्या अंड्यापर्यंत प्रगती केली आहे.

मंगळवारी भर दुपारी पोलीस अधिकारी बेकविथ यांनी आमच्या दारासमोर शेजारच्या तिबुर्सिओचा टेम्पो अडवला. निमित्त मागच्या फुटक्या दिव्याचे. (लिओनाच्या आजारपणात आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसणारा तो हाच.) बेकविथ यांचा आवाज चढला, तेव्हा मी लिओनाचा फोन घेऊन बाहेर आलो. सार्वजनिक रस्त्यावर, कर्तव्यावरील पोलिसाचे चित्रण करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे; मात्र कामात अडथळा आणू नये. म्हणून मी दहा पावले अंतर मोजले, टोपी काढली आणि स्वतःचा परिचय करून दिला.

“आजोबा, फोन खिशात घाला. बेकायदा आहे ते!”

“कोणत्या कायद्यान्वये, ते कृपया सांगावे.”

“अहो, घरी जाऊन टीव्ही बघा ना!”

तिबुर्सिओ कळवळून म्हणाला, “मास्तर, जाऊ द्या हो, तुम्हालाही आत टाकतील!”

मी हललो नाही. आता बेकविथ यांचा अहवाल म्हणतो की, तिबुर्सिओ शिवीगाळ करून अंगावर धावून आला. हे सिद्ध झाल्यास त्याला तुरुंगवास आहे.

माझे चित्रण पाहून त्याच्या वकीलबाईंनी विचारले, “मास्तर, यात पोलीस कुठेय?” लिओना तो फोन केवळ रविवारी थोरल्या बहिणीशी, म्हणजे आपल्याशी, व्हिडिओवर समोरासमोर बोलण्यासाठी वापरी, त्यामुळे तो धरणाऱ्याचेच तोंड टिपतो, आणि उन्हात मला पडदा दिसत नव्हता. बारा मिनिटे माझ्या नाकपुड्या आहेत. (मागे मेपलचे झाड आहे. ते सुरेख आले आहे.) आवाज मात्र स्वच्छ आहे. तिबुर्सिओ अकरा वेळा “सर” म्हणतो. आणि “हात टपावर आहेत ना, तसेच राहू देत,” असे खुद्द बेकविथच शेवटपर्यंत म्हणतात.

आपला नम्र,
हार्लन

ता.क. — काटछाट केल्यास पुरावा संशयास्पद ठरतो, म्हणून गुरुवारी न्यायालयात ध्वनिमुद्रण संपूर्ण ऐकवावे, असे मी लेखी दिले आहे.

पुन्हा ता.क. — त्यात मी हलक्या आवाजात तीनदा विचारतो, “लिओना, बरोबर धरलाय ना गं मी?” असे विचारल्याचे मला स्मरत नाही. पहिल्या परिच्छेदातील ‘उत्तम’ हा शब्द कृपया खोडावा. ताई, गुरुवारी या. ते ऐकवले जाईल तेव्हा, ती कोण हे ज्याला सांगावे लागणार नाही, असे कोणीतरी माझ्या शेजारी बसलेले असावे.