तुझं दूध ऱ्हायलंय

रविवार, सांजच्याला

सांबऱ्याच्या आखाड्यात आज नात कुस्ती हरली. घरी आल्या आल्या तिच्या बापानं, म्हंजे माझ्या लेकानं, तिच्या हातातला दुधाचा पेला काढून घेतला. "हरलीस न्हवं? मग दूध कशाला?"

मी पातेलं धरून तशीच उभी ऱ्हायले. शब्द माझेच. तो बारा वर्साचा असताना हरून आलता, तवा मीच त्याचं दूध कुत्र्यापुढं ओतलतं. रडला न्हाय. पर परत तालमीत गेलाबी न्हाय. मला वाटलं, इसरला. कुठला इसरतोय!

मी दोन पेले भरले. एक पोरीला दिला, दुसरा त्याच्यापुढं ठेवला. "पी रं. तुझं ऱ्हायलंय."

पोरगी प्याली. त्याच्या दुधावर साय धरलीया. पेला अजून तितंच हाय.