सेनापतीच्या पलंगावर

ती. दादास,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर असतील असं धरून चालतो. पुढचं वाचून कुणाचं काही वाढलं, तर दोष माझा.

परवा तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात गेलो होतो. लेकीने स्वतःच जोडीदार निवडलाय हे तुला ठाऊक आहेच. त्याच्या आईवडिलांशी पहिली भेट तिथे ठरली होती. मी हौसेने तासभर आधी पोचलो (हरणं बघायची होती). हरणं काही दिसली नाहीत, पिल्लांना घेऊन चाललेली एक हंसीण दिसली. मी कौतुकाने वाकलो. तिला ते कौतुक वाटलं नाही. मान लांब करून ती फिस्कारत मागे लागली आणि मी वाट फुटेल तिकडे पळालो, तो थेट तिथल्या जुन्या सेनापतीच्या घरात (आता तिथे संग्रहालय आहे) घुसलो. कंबरेत उसण भरलेली, आणि समोर दोरीपलीकडे पलंग. म्हटलं, दोन मिनिटं आडवं व्हावं. (दादा, गादी उत्तम होती.) जाग आली तेव्हा गाईडबाई माझ्याकडे पाठ करून लोकांना सांगत होत्या, की याच पलंगावर सेनापतीने शेवटचा श्वास घेतला. उठावं तर शोभा होणार, म्हणून डोळे मिटून सेनापतीसारखा पडून राहिलो. एक बाई पुटपुटल्या, "पुतळा हुबेहूब केलाय, पोट तेवढं जास्त झालंय." मी पोट आत ओढलं. पुतळ्याचं पोट हललेलं बघून बाई किंचाळल्या, आणि मी माफी मागत मागच्या दाराने निसटलो.

पुढे तळ्याकाठच्या बाकावर लेकीने होणाऱ्या सासूबाई म्हणून ओळख करून दिली, त्या याच किंचाळलेल्या बाई. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "आपण मघाशी भेटलो का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो माझा चुलत भाऊ असणार. आम्ही सारखे दिसतो." (चुलत भाऊ म्हणजे तूच रे, दादा.)

घरी येताना लेकीने एवढंच विचारलं, "बाबा, काका खरंच आले होते?" मी हो म्हणालो. पोरीशी कधी खोटं बोललो नव्हतो रे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी ती मंडळी आमच्याकडे जेवायला येतायत. तूही ये. बोलायचं काही नाही, फक्त मान खाली घालून बसायचं.

पुन्हा ता. क. लेक आत्ताच सांगून गेली, की बाईंनी मला बाकावरच ओळखलं होतं आणि घरी जाऊन त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हा मान तू घालू नकोस, ती मीच घालीन. पण ये मात्र नक्की. निदान मला चुलत भाऊ आहे, एवढं तरी त्यांना खरं वाटू दे.